शिकागोहून डरहॅमला: एकटी कृष्णवर्णीय नर्स, ओळखीचं कुणी नाही (माहिती हवी आहे)

रानजाई

माझी एक मैत्रीण शिकागो सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला निघाली आहे. आफ्रिकन अमेरिकन, वय ३४, एकटी, रुग्णालयात नर्स. ऑफर हातात आहे, सही व्हायची आहे. गाडी स्वतःची, सामान एका बेडरूमचं. तिथे नातेवाईक नाहीत, मित्र नाहीत. इथे ट्रँगलमधली (रॅली, डरहॅम, चॅपल हिल) बरीच मंडळी वावरतात म्हणून धागा काढते आहे.

'छान शहर आहे, लोक चांगले आहेत' याच्या पलीकडचं हवं आहे. कुठल्या भागात राहावं, घराचा करार करताना काय बघावं, गाडीची कागदपत्रं, केसांचं काय, आणि एकटीने माणसं कशी जोडावीत. डरहॅम हेच योग्य आहे का, यावरही बोला. तिला मराठी येत नाही, प्रतिसाद मीच भाषांतर करून पाठवणार आहे, तेव्हा कोट्या जरा जपून.

बुलसिटीकर

शहराबद्दल मी लिहितो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

२०२० च्या जनगणनेत डरहॅमची लोकसंख्या २ लाख ८३ हजार, आणि त्यात एक तृतीयांशाहून जास्त कृष्णवर्णीय. पण नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. टक्का मोठा आणि सूत्रं मात्र दुसऱ्यांच्या हातात, अशी गावं दक्षिणेत पैशाला पासरी आहेत. बघायचं ते हे, की गावात त्या समाजाच्या स्वतःच्या संस्था आहेत का आणि त्या चालतात का. डरहॅममध्ये नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही कृष्णवर्णीयांची विमा कंपनी १८९८ मध्ये सुरू झाली. तिच्या मागोमाग मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक १९०८ मध्ये उघडली, ती आजही चालू आहे. नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ १९१० चं. कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांसाठी १९३५ मध्ये स्थापन झालेली डरहॅम कमिटी आजही प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांना जाहीर पाठिंबा देते आणि त्या यादीला वजन आहे. व्हाइट रॉक बॅप्टिस्ट आणि सेंट जोसेफ्स ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) ही चर्चं तर गुलामगिरी संपल्यानंतर लगेचच्या वर्षांतली.

आता दुसरी बाजू. हेटी ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती होती. १९६० च्या दशकात 'नगर सुधारणे'च्या नावाखाली तिच्या छाताडावरून १४७ क्रमांकाचा महामार्ग नेला. हजारो कुटुंबं उठली, शेकडो धंदे बुडाले. आज त्याच रस्त्याने सगळे डाउनटाउनला ये-जा करतात. पूर्व डरहॅममध्ये सध्या जुनी कृष्णवर्णीय कुटुंबं वाढत्या घरपट्टीने आणि भाड्याने बाहेर ढकलली जात आहेत. त्यामुळे 'स्वागतशील' हे प्रशस्तिपत्र अख्ख्या शहराला एकगठ्ठा देता येत नाही, भागाभागाने बघावं लागतं.

नर्सची पाळी बहुधा सकाळी ७ ते संध्याकाळी ७ किंवा उलटी. म्हणजे रात्री साडेसातनंतर किंवा सकाळी झोपेने पेंगत घरी गाडी चालवायची. म्हणून अंतराला पहिला मान. ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या बाजूचं काम असेल तर:

अर्विन रोड आणि नाइन्थ स्ट्रीट: रुग्णालय चालत किंवा पाच-दहा मिनिटांवर. भाडं चढं, विद्यार्थी आणि डॉक्टरांची वस्ती. रात्रपाळी करणाऱ्या एकट्या बाईला सोयीचं, पण शेजारी दर वर्षी बदलतात, ओळखी टिकत नाहीत.

डाउनटाउन: नव्या इमारती, फाटकाला कुलूप, आतलं पार्किंग. पार्किंगचे पैसे वेगळे, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

वुडक्रॉफ्ट, साउथपॉइंटकडचा दक्षिण भाग: झाडी, पायवाटा, मिश्र वस्ती, दुकानं जवळ. गाडीने १५-२० मिनिटं. एका बेडरूमला साधारण १,३०० ते १,७०० डॉलर धरा. पहिल्या वर्षासाठी मी याच भागाला कौल देईन.

नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठाच्या आसपासची फेएटव्हिल स्ट्रीट: तिला आपल्या माणसांत राहायचं असेल तर इथे. चर्च, न्हावी, लिंकन आरोग्य केंद्र, सगळं हाकेच्या अंतरावर. इथे गल्ली बदलली की चित्र बदलतं, त्यामुळे ऑनलाइन फोटोंवर सही नको.

सही करण्याआधी एकदा येऊन बघावं, आणि गुरुवार ते रविवार असं यावं. शुक्रवारी सकाळी पावणेसातला घर ते रुग्णालय हे अंतर प्रत्यक्ष गाडीने कापावं. त्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये रात्री दहाला जावं: किती दिवे चालू आहेत, फाटक खरंच बंद होतं का, की विटेने अडवून उघडं ठेवलंय. रविवारी चर्चला जावं, श्रद्धा असो वा नसो. 'मी इथे राहायला येते आहे' एवढं तिथे सांगितलं की भाग, डॉक्टर, मेकॅनिक यांची माहिती अर्ध्या तासात मिळते. वेबसाइटवर ती महिनाभरात मिळणार नाही.

खडूस_म्हातारा

नोकरी चांगली, पगार चांगला, गाव स्वस्त. माणसाने एवढंच बघावं. रंग बघून गाव निवडायचं म्हणजे आपणच भेद करण्यासारखं नाही का? आपण आलो तेव्हा असलं काही बघितलं नव्हतं.

तळटीप

आजोबा, आपण आलो तेव्हा आपण कुणाला विचारलं होतं? जिथे मराठी मंडळ आणि वाण्याचं दुकान आहे तेच गाव बघितलं होतं. हेच बघणं झालं ते.

शिवाय तिच्या बाबतीत हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पोलीस गाडी थांबवतात त्याचंच घ्या. रस्त्यावर थांबवलेल्या गाडीचालकांच्या वंशाची नोंद ठेवणं कायद्याने सक्तीचं करणारं नॉर्थ कॅरोलायना हे देशातलं पहिलं राज्य, कायदा १९९९ चा. ही आकडेवारी पोलीस खात्यागणिक ऑनलाइन बघता येते. शहर पोलीस, काउंटी शेरीफ आणि महामार्ग गस्त यांचे आकडे वेगवेगळे असतात. तिचा कामाचा रस्ता ज्यांच्या हद्दीतून जातो त्यांचे काढा, थांबवल्यावर झडती किती वेळा घेतली तो रकाना वाचा. डरहॅम पोलिसांना संमतीने गाडीची झडती घ्यायची असेल तर २०१४ पासून ती संमती लेखी लागते. फॉर्मवर सही करायला 'नाही' म्हणता येतं.

आणि गाडीच्या काचा. या राज्यात काळ्या फिल्ममधून किमान ३५ टक्के प्रकाश आत यावा लागतो. त्याहून गडद असेल तर पोलिसांना गाडी थांबवायला आयतं निमित्त मिळतं. निघण्याआधी मोजून घ्या.

फिरस्ता

प्रवास आणि सामान.

आधी सामान. राज्याबाहेर सामान नेणाऱ्या कंपनीला केंद्रीय नोंदणी क्रमांक लागतो, तो सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. नोंद 'वाहक' म्हणून आहे की 'दलाल' म्हणून? दलालाकडे ट्रक नसतो. तो आगाऊ रक्कम घेतो, काम दुसऱ्याला विकतो, आणि भांडण झालं की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. अंदाजपत्रक बंधनकारक घ्या. बंधनकारक नसलेलं घेतलं तर सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांपर्यंतच रोख मागता येते, उरलेलं नंतर बिलाने. हे माहीत नसतं म्हणून लोक ट्रकच्या दारात दुप्पट पैसे मोजतात.

नुकसानभरपाईचा फुकट पर्याय पौंडाला ६० सेंट देतो. चाळीस पौंडाचा टीव्ही फुटला की २४ डॉलर. पूर्ण मूल्याचं संरक्षण घ्या, नाहीतर टीव्ही स्वतःच्या गाडीत ठेवा. दावा करायची मुदत सामान मिळाल्यापासून नऊ महिने.

रस्ता साधारण ८०० मैलांचा. एका दिवसात एकटीने करू नये. शिकागो, इंडियानापोलिस, सिनसिनाटी, आणि मुक्काम वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला. अंतराच्या दृष्टीने हा अर्ध्याच्या पुढे. दुसऱ्या दिवशी ७७ नंबरचा टोलरस्ता डोंगरातून जातो, तीन टोलनाके आहेत, फोनला मधूनमधून रेंज नसते. नकाशा आधी उतरवून ठेवा. तो टप्पा उजेडात पार करा, आणि पेट्रोल निम्म्यावर आलं की मोठ्या एक्झिटलाच भरा, आडगावच्या एकुलत्या पंपाची वाट बघू नका. कृष्णवर्णीय प्रवाशांची ही जुनी शिस्त आहे, मुक्कामाच्या जागांची छापील पुस्तकं १९३६ पासून निघत होती ती याचसाठी. मुक्कामाचं हॉटेल आतल्या कॉरिडॉरचं, वरच्या मजल्याचं. सामानाने भरलेली गाडी पुढच्या दाराच्या कॅमेऱ्यासमोर, डिकी भिंतीला लावून.

तळटीप

घराचा करार. राज्याचा कायदा तिने नीट समजून घ्यावा, कारण शिकागोचे भाड्याचे नियम घरमालकांवर बरेच कडक आहेत आणि ती सवय घेऊन आलेला माणूस इथे फसतो.

अनामत: वर्षाच्या कराराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, महिन्यागणिक कराराला दीड महिना. रक्कम ट्रस्ट खात्यात ठेवून बँकेचं नाव आणि पत्ता करार सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कळवणं घरमालकाला बंधनकारक आहे (किंवा त्याऐवजी हमीपत्र). घर सोडल्यावर ३० दिवसांत पैसे किंवा कपातीचा हिशेब. नुकसानीचा आकडा तोवर ठरला नसेल तर ३० दिवसांत तात्पुरता हिशेब आणि ६० दिवसांत अंतिम. हिशेब नव्या पत्त्यावर जातो, त्यामुळे सोडताना नवा पत्ता लेखी द्या.

दंड: भाडं पाच दिवस थकल्यावर १५ डॉलर किंवा भाड्याच्या ५ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढा.

अर्जाच्या फीला या राज्यात कमाल मर्यादा नाही. एका वेळी पाच ठिकाणी अर्ज केले की तीन-चारशे डॉलर सहज जातात. आधी निकष विचारा: उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं का, ऑफर लेटर चालतं की पगाराची पावतीच लागते. नव्या नोकरीवाल्याचा अर्ज इथेच अडतो.

'सहा आठवडे मोफत' ही पाटी नव्या इमारतींवर सगळीकडे दिसेल. गणित करा. भाडं १,६५०. वर्षाचे १९,८००, त्यातून दीड महिना म्हणजे २,४७५ वजा, उरले १७,३२५, महिना पडला १,४४४. जाहिरातीत हा १,४४४ झळकतो. करारात मात्र १,६५० असतात आणि पुढच्या वर्षीची वाढ त्यावर लागते. वर पाणी, कीटकनाशक, दाराशी कचरा उचलणं, पार्किंग, पॅकेज लॉकर. या सगळ्यांची बेरीज ईमेलवर मागा.

आता भेदभाव. घरभाड्यातला वंशभेद १९६८ च्या केंद्रीय कायद्याने गुन्ह्यासारखा उघड कधी होत नाही, तो 'आत्ताच गेलं हो' अशा गोड आवाजात होतो. म्हणून पहिली चौकशी ईमेलने करावी: कोणतं घर, कोणत्या तारखेपासून, भाडं किती. लेखी उत्तर आलं की मग भेटायला जावं. प्रत्यक्ष गेल्यावर घर 'गेलं' असेल तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवावं, आणि दुसऱ्या कुणाला त्याच घराची चौकशी करायला सांगावं. दोन उत्तरं वेगळी आली तर तोच पुरावा. केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे तक्रारीची मुदत एक वर्ष, कोर्टात जायची दोन वर्षं. डरहॅम शहराचा स्वतःचा मानवी संबंध विभाग आहे, आणि लीगल एड ऑफ नॉर्थ कॅरोलायनाचा फेअर हाउसिंग प्रकल्प वकील देतो. वकिलाचा खर्च या भीतीने गप्प बसू नये.

रानजाई

तळटीप, 'गुन्ह्यासारखा उघड कधी होत नाही' हे वाक्य दोनदा वाचलं. कायद्याने बंद आहे, पण चालतो, एवढंच ना?

तळटीप

हो. घाईत वाक्य वाकडं झालं. १९६८ पासून बंदी आहे, म्हणून उघड नकार कुणी देत नाही.

वेणीफणी

केसांबद्दल कुणी बोलेल म्हणून थांबले होते. पुरुषांच्या यादीत हा मुद्दा शेवटी येतो, तिच्या यादीत तो पहिल्या तिनांत असणार.

निघायच्या आठवड्यात शिकागोतच, तिच्या नेहमीच्या बाईकडे वेण्या घालून घ्याव्यात. मध्यम जाडीच्या बिनगाठीच्या वेण्यांना पाच ते सात तास लागतात आणि नीट राखल्या तर सहा-आठ आठवडे टिकतात. म्हणजे नव्या गावात सलून शोधायला तेवढी सवड. रोज सॅटिनची टोपी, आठवड्याला टाळूवर पातळ शाम्पू आणि पूर्ण कोरडं करणं. ओलसर राहिल्या की वास मारतात. आठ आठवड्यांच्या पुढे ओढू नये, मुळाशी गुंता बसतो आणि सोडवताना केस तुटतात.

वेण्यांत नकली केस गुंफल्यावर पहिले दोन दिवस खाज येत असेल तर ती बहुधा त्यांच्यावरच्या अल्कधर्मी लेपामुळे. घालण्याआधी कोमट पाण्यात ॲपल सायडर व्हिनेगर टाकून भिजवावेत, वर पांढरा थर येतो तो काढून धुवावेत, वाळवून मग वापरावेत.

नवीन बाईकडे पहिल्याच भेटीत सात तासांचं काम देऊ नये. आधी धुणं, कंडिशनिंग आणि टोकं कापणं एवढंच. ती बाई केस टोकाकडून मुळाकडे विंचरते की वरून ओढते, हे तिथेच कळतं. बुकिंग करताना विचारायचं: नकली केस धरून किंमत का, केस धुऊन-वाळवून यायचं का, आगाऊ रक्कम परत मिळते का, किती मिनिटं उशीर झाला तर बुकिंग रद्द. नॉर्थ कॅरोलायनात वेण्या घालणाऱ्यांना ३०० तासांचं प्रशिक्षण आणि परवाना लागतो, तो भिंतीवर लावलेला असायला हवा. घरून काम करणाऱ्या चांगल्याही असतात, पण टाळूला जखम झाली तर दाद मागायला जागा राहत नाही.

डरहॅमचं पाणी मऊ आहे, हा फायदा. खडूचा थर बसत नाही. मार्च महिन्यात पाणीपुरवठा खातं नेहमीच्या क्लोरामाइनऐवजी साधं क्लोरीन वापरतं, तेव्हा पाण्याला वास येतो आणि केस कोरडे पडतात. नळाला शॉवर फिल्टर लावायचा तर तेव्हा. उन्हाळ्यातली दमट हवा मात्र शिकागोपेक्षा लांब चालते, मे ते सप्टेंबर इस्त्रीने सरळ केलेले केस दारातून बाहेर पडताच फुगतात.

कामाच्या जागी केसांवरून बोलणं: वेण्या, लॉक्स (जटांसारखे केस), ॲफ्रो यांवरून नोकरीत भेदभाव करायला डरहॅम शहराने जानेवारी २०२१ मध्ये वटहुकूम काढून बंदी केली, ग्रीन्सबरोनेही त्याच महिन्यात. हे संरक्षण शहरापुरतं आहे, राज्यभर नाही. दुसऱ्या काउंटीत नोकरी बदलताना हे लक्षात ठेवावं.

जेम्सकाठी

डरहॅमच का, असं विचारलंय म्हणून व्हर्जिनियातल्या रिचमंडची बाजू मांडते. लोकसंख्या २ लाख २६ हजार, म्हणजे थोडं लहान. जॅक्सन वॉर्ड ही इथली जुनी वस्ती, मॅगी वॉकर यांनी १९०३ मध्ये इथेच बँक काढली. केसांचा कायदा व्हर्जिनियात १ जुलै २०२० पासून राज्यभर लागू. बसला २०२० पासून तिकीट नाही. वॉशिंग्टनला रेल्वेने दोन-अडीच तासांत. डरहॅममध्ये गाडीशिवाय हात-पाय बांधल्यासारखं होतं, तिथली लाइट रेल्वे २०१९ मध्ये कागदावरच रद्द झाली.

उणं: व्हर्जिनियात गाडीवर दर वर्षी मालमत्ता कर. अनामत परत करायला ४५ दिवस. आणि शहराची जुनी पाणीपुरवठा व्यवस्था: जानेवारी २०२५ मध्ये वीज गेली आणि शहर काही दिवस पाण्याविना होतं.

बुलसिटीकर

गाडीवर मालमत्ता कर नॉर्थ कॅरोलायनातही आहे हो. फक्त नोंदणीच्या वार्षिक बिलातच घालून देतात, त्यामुळे वेगळा जाणवत नाही. रिचमंड उत्तमच, पण तिची ऑफर इथली आहे. तिसरं नाव घ्यायचं तर ग्रीन्सबरो, पश्चिमेला तासाभरावर, भाडं कमी, देशातलं सर्वांत मोठं कृष्णवर्णीय विद्यापीठ आणि बेनेट हे स्त्रियांचं महाविद्यालय तिथेच. रोज तिथून ये-जा मात्र नको, बारा तासांच्या पाळीला ती झेपत नाही.

ॲप्रन

नर्सिंगबद्दल दोन गोष्टी, दोन्ही तातडीच्या.

परवाना. नॉर्थ कॅरोलायना नर्सेसच्या आंतरराज्य करारात आहे, इलिनॉय नाही. म्हणजे शिकागोच्या परवान्यावर इथे एक दिवसही काम करता येणार नाही. इथल्या मंडळाकडे नव्याने अर्ज, जुन्या राज्याकडून पडताळणी आणि बोटांचे ठसे. बरेच अर्ज ठशांपाशी रखडतात: ठसे पुसट आले की परत द्यावे लागतात, आणि सतत हात धुणाऱ्या नर्सेसचे ते पुसट येऊ शकतात. आठवडाभर आधीपासून हातांना रात्री भरपूर क्रीम लावा. घर शोधायच्या आधी अर्ज करा. कायमचा पत्ता इथला झाला की बहुराज्य परवाना मिळू शकतो.

बोनस. जॉइनिंग किंवा स्थलांतराचे १०,००० डॉलर कबूल केले असतील तर ते पगारासारखे करपात्र. केंद्राचे २२ टक्के, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के, वर राज्याचे सुमारे ४. हातात साधारण ६,६०० पडतात. सामानाचं बजेट दहा हजारांवर करू नका. मुदतीआधी नोकरी सोडली तर परतफेड हातात आलेल्या रकमेची की करपूर्व रकमेची, आणि भरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होते का, हे सही करण्यापूर्वी वाचा. 'आमचं सगळ्यांना हेच असतं' या उत्तरावर समाधान मानू नका, तो परिच्छेद मागून घ्या.

विमा: नव्या ठिकाणचा बहुधा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होतो. मधल्या दिवसांसाठी जुन्या नोकरीचा कोब्रा (जुनाच विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची सोय) निवडायला ६० दिवस असतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो. काही झालंच तर घ्यायचा, नाहीतर हप्ता वाचला.

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टरांची नव्या रुग्णांसाठीची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळू शकते, ती शिकागोतूनच घ्या. फायब्रॉइड कृष्णवर्णीय स्त्रियांत जास्त आणि कमी वयात होतात, पूर्वी सोनोग्राफी झाली असेल तर नुसता अहवाल नको, प्रतिमांची सीडीही घ्या. नवीन डॉक्टरला वाढ किती झाली ते तुलनेशिवाय सांगता येत नाही.

फिरस्ता

गाडीची कागदपत्रं राहिली. क्रम चुकला की चकरा वाढतात.

घराचा करार हातात आला की आधी नॉर्थ कॅरोलायनाचा वाहन विमा. जुन्या कंपनीने 'पॉलिसी चालू राहील' म्हटलं तरी या राज्यात परवाना असलेल्या कंपनीचीच पॉलिसी लागते. १ जुलै २०२५ पासून किमान दायित्व ५०/१००/५० हजार डॉलर (एका जखमीला, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला). विमा कंपनीकडून डीएल-१२३ हा विम्याच्या पुराव्याचा फॉर्म मागा, तो ३० दिवसांतच वापरावा लागतो, म्हणून लायसन्सची तारीख ठरल्यावरच काढा.

मग लायसन्स. मुदत ६० दिवस. तारखा आठवडे-आठवडे पुढच्या मिळतात, आसपासच्या काउंटींतली कार्यालयंही बघा. रिअल आयडी (देशांतर्गत विमानप्रवासाला चालणारं लायसन्स) हवा असेल तर ओळख आणि सोशल सिक्युरिटीचा पुरावा आणि पत्त्याचे दोन: भाडेकरार आणि विजेचं बिल किंवा बँकेचं पत्रक. लग्न-घटस्फोटाने नाव बदललं असेल तर त्या साखळीतला प्रत्येक कागद.

त्यानंतर नंबरप्लेट, आणि ही वेगळ्याच कार्यालयात मिळते. लायसन्स एका जागी, प्लेट दुसऱ्या जागी. बरेच नवखे चुकीच्या रांगेत तास घालवतात. टायटलच्या (गाडीच्या मालकीच्या कागदाच्या) अर्जावरची सही नोटरीसमोर करायची असते, घरून सही करून नेऊ नका. गाडीच्या किमतीवर कर ३ टक्के, पण गाडी दुसऱ्या राज्यात तिच्या नावावर किमान ९० दिवस असेल तर कमाल २५० डॉलर. हे काउंटरवर आपणहून सांगा. गाडीवर कर्ज असेल तर टायटल बँकेकडे असतं, बँकेचं नाव-पत्ता आणि कर्जखात्याचा क्रमांक जवळ ठेवा.

बुलसिटीकर

माणसं जोडण्याबद्दल. बारा तासांच्या पाळ्या असलेल्या माणसाला 'दर मंगळवारी भेटू' हे जमत नाही, म्हणून हजेरी चुकली तरी चालेल अशा जागा निवडाव्यात.

ती कॉलेजात एकेए, डेल्टा, झीटा किंवा सिग्मा गॅमा रो यांपैकी कुठल्या सोरोरिटीत (कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या संघटनेत) होती का, हे विचारा. असेल तर निम्मं काम झालं. डरहॅममध्ये चौघींच्या पदवीधर शाखा आहेत. राष्ट्रीय वर्गणी भरून सदस्यत्व चालू करून घ्यायचं आणि शाखा बदलून मागायची. नसेल तर मैत्रिणी मिळवायला म्हणून आत्ता आत शिरायचा प्रयत्न करू नये, ते आयुष्यभराचं सदस्यत्व असतं आणि नुसतं मागितलं म्हणून मिळत नाही.

नॅशनल ब्लॅक नर्सेस असोसिएशन १९७१ पासून आहे, तिची जवळची शाखा गाठावी. गर्लट्रेक ही कृष्णवर्णीय स्त्रियांची चालण्याची चळवळ आहे, आणि अमेरिकन टोबॅको ट्रेल हा २२ मैलांचा जुन्या रुळांवरचा रस्ता त्याला उत्तम. एकटीने चालायचं तर साउथपॉइंटजवळचा वर्दळीचा टप्पा, संध्याकाळच्या आत. हेटी हेरिटेज सेंटर जुन्या सेंट जोसेफ्स चर्चच्या इमारतीत आहे, तिथे कार्यक्रमांना स्वयंसेवक लागतात. प्रेक्षक म्हणून दहादा जाण्यापेक्षा खुर्च्या मांडायला एकदा जावं, नावं लक्षात राहतात. मे महिन्यातला बिम्बे महोत्सव १९६९ पासूनचा, त्या दिवशी सुट्टी टाकून ठेवावी.

मार्चअखेरीस पाइनचे पिवळे परागकण गाड्या, खिडक्या, सगळं झाकून टाकतात. ॲलर्जी असेल तर गोळी महिनाभर आधीपासून.

टाउनहाउसवाला

माहितीपूर्ण धागा. एक शंका, जरा अडचणीची. डरहॅमजवळच्या मॉरिसव्हिल आणि कॅरीत आपल्या लोकांची बरीच भाड्याची घरं आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फक्त भारतीय कुटुंब, शाकाहारी' अशाच जाहिराती असतात. माझंही एक घर आहे. ते लहान घरमालकाला चालतं असं ऐकून आहे.

तळटीप

चालत नाही. लहान मालकांना १९६८ च्या कायद्यात सवलत आहे, तीन घरांपर्यंत आणि दलाल न वापरता. पण जाहिरातीला ती सवलत लागू नाही. 'फक्त भारतीय' लिहिलं की मूळ देशावरून भेदभाव झाला, व्हॉट्सॲपवर असो की झाडावरच्या कागदावर. आणि वंशाच्या बाबतीत १८६६ चा नागरी हक्क कायदा आहे, त्यात लहान-मोठा मालक असा फरकच नाही. रानजाईंची मैत्रीण उद्या तुमच्याकडे आली, तिचा पगार आणि क्रेडिट तुमच्या निकषात बसलं, आणि तुम्ही 'आत्ताच गेलं' म्हणालात, तर वर लिहिलेली ईमेलची युक्ती तुमच्यावरच चालेल.

निकष लिहून ठेवा: उत्पन्न, क्रेडिट, मागच्या घरमालकाचा दाखला. सगळ्यांना तेच, आणि जो पहिला पूर्ण अर्ज आला त्याला घर.

टाउनहाउसवाला

बदलतो. 'शाकाहारी' ठेवलं तर?

तळटीप

आहार कायद्याने संरक्षित नाही. पण धर्म किंवा देश गाळायची चाळणी म्हणून वापरलात तर कोर्ट तसंच बघेल. वास आणि तेलकट चिमणी हीच काळजी असेल तर करारात स्वच्छतेचं कलम घाला. आपल्या फोडण्यांनीही भिंती पिवळ्या होतात.

रानजाई

सगळ्यांना धन्यवाद. ठशांचं आणि बोनसचं आजच पाठवलं. टाउनहाउसवाला, घर कुठल्या महिन्यात रिकामं होतंय?

टाउनहाउसवाला

ऑगस्ट. दोन बेडरूम, दीड बाथ, रुग्णालयापासून २५ मिनिटं. पार्किंग धरून भाडं. पाणी वेगळं. ईमेलने विचारायला सांगा, लेखीच उत्तर देतो.